कुर्ला ते सीप्झ : एका रस्त्याची ओळख

कुर्ला म्हटले की बहुतेकांना गाडी बदलण्याचे स्टेशन आठवते. मुख्य मार्गावरून उतरायचे, गर्दीतून पूल चढायचा आणि हार्बरची गाडी पकडायची. पण कुर्ल्याची खरी ओळख यंत्रांशी जोडलेली आहे. भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत, याच हार्बर मार्गाने. देशातल्या बहुतेक शहरांनी विजेचा दिवाही पाहिला नव्हता तेव्हा कुर्ल्यात विजेवर चालणारी गाडी येत होती. म्हणजे तंत्रज्ञान आपल्या दाराशी आले त्याला शंभर वर्षे होऊन गेली. या शंभर वर्षांत ते आपल्या घरात किती शिरले, हा प्रश्न मनात ठेवून आम्ही वस्तीतील दहा-बारा जण मध्यंतरी एक दिवस कुर्ल्याहून सीप्झपर्यंत जाऊन आलो. बरोबर दहावी-बारावी झालेली मुले-मुली होती, प्रीमियरमध्ये आयुष्य घालवलेले एक काका होते आणि वीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काम केलेली आमच्यातील एक ताई होती.

कारखान्यांचे कुर्ला

बस पकडण्याआधी काकांनी मुलांना जुने कुर्ले समजावून सांगितले. चुनाभट्टीच्या बाजूची स्वदेशी मिल १८८६ साली जमशेटजी टाटांनी विकत घेतली. आधी ती धरमसी मिल होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्यात मोटारी बनू लागल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे जे चित्र जगभर गेले, ती पद्मिनी गाडी कुर्ल्याच्या कामगारांच्या हातची. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. शास्त्री मार्गावर मुकुंद होती, कमानी होती. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेली आपली माणसे या कारखान्यांत लागली ती बहुतेक हेल्पर म्हणून. काहींना लिहिता-वाचताही येत नव्हते.

पण त्या कारखान्यांत एक गोष्ट होती. हेल्पर म्हणून आत गेलेला माणूस हेल्परच राहील असे नव्हते. फिटरच्या हाताखाली चार वर्षे काढली, पाना हातात धरायला शिकला, लेथवर उभा राहिला, की एक दिवस तोही फिटर होई. पगार वाढे, हुद्दा वाढे. कायम झाल्याचे पत्र घरी येई तेव्हा आख्ख्या चाळीत पेढे वाटले जात. त्या पत्राच्या जोरावर मुलांच्या शाळा झाल्या, बहिणींची लग्ने झाली, गावाकडच्या घरावर कौले चढली.

कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी तर याहून मोठी गोष्ट करून दाखवली. १९८५ साली कारखाना बंद पडला. कामगारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, भविष्य निर्वाह निधीचे पैसे घातले आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कारखाना आपल्या ताब्यात चालवण्याची परवानगी मिळवली. मालक नसतानाही यंत्रे चालतात, कारण यंत्र चालवण्याची विद्या कामगाराच्या हातात असते, हे कुर्ल्याने देशाला दाखवले. पुढे तोही प्रयोग टिकला नाही. स्वदेशी मिल २००० च्या सुमारास बंद पडली आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. प्रीमियरच्या आवारात आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. काका म्हणाले, "कारखाने गेले त्याचे दुःख आहेच. पण हेल्परचा फिटर करणारी शिडी गेली, त्याचे दुःख जास्त आहे." हे वाक्य मुलांनी लक्षात ठेवले.

जरीमरी, सफेद पूल, साकीनाका

कुर्ला पश्चिमेहून अंधेरीकडे जाणारी बस निघाली की थोड्या वेळात कारखान्यांची जागा गाळे घेतात. जरीमरी, सफेद पूल, साकीनाका. एका बाजूला विमानतळाची भिंत आणि डोक्यावरून कानठळ्या बसवत उतरणारी विमाने. दुसऱ्या बाजूला दहा बाय पंधराच्या खोल्या. एका गाळ्यात प्लास्टिकचे मोल्डिंग, शेजारी जीन्सचे शिवणकाम, त्याच्या शेजारी भंगारातून तांबे वेगळे करणे. मोठ्या कारखान्यांतली कामे तुकडे होऊन इथे आली आहेत. शिकायला इथेही मिळते, पण कागद मिळत नाही. दहा वर्षे काम केलेल्या माणसाला तुझा अनुभव काय असे कोणी विचारले, तर दाखवायला हाताच्या घट्ट्यांशिवाय काही नसते.

या रस्त्याच्या सोबतीने मिठी नदी वाहते. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला, कलिना करीत माहीमच्या खाडीला मिळते. आज तिला नाला म्हणतात. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा ती नदी आहे हे तिच्या काठावरच्या प्रत्येक घराला कळले. या नदीचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवतो.

साकीनाका आणि मरोळ नाक्याला २०१४ साली मेट्रो आली. मरोळ नाक्यावरून आत वळले की रस्ता रुंद होतो, झाडे दिसतात, आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत एक लांबच लांब कुंपण सुरू होते. तेच सीप्झ.

कुंपणाच्या आतला परदेश

सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. नावात सांताक्रूझ असले तरी जागा अंधेरी पूर्वेची. केंद्र सरकारने १९७३ साली हे क्षेत्र सुरू केले. जागा शंभरेक एकर. त्याआधी १९६५ साली गुजरातेत कांडल्याला असे निर्यात क्षेत्र झाले होते, पण केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेले सीप्झच. आज ठिकठिकाणी जी सरकारी तंत्रज्ञान उद्याने दिसतात, हिंजवडी असो की वाशी, त्यांचे थोरले भावंड हेच म्हणावे लागेल.

त्याची रीत मुलांना सोप्या शब्दांत अशी सांगितली. सरकार जागा देते, रस्ता, पाणी, वीज देते. कुंपणाच्या आत आलेल्या परदेशी मालावर जकात नाही, करात सवलत. बदल्यात कारखानदाराने माल परदेशी पाठवायचा आणि देशाला परकीय चलन मिळवून द्यायचे. म्हणून फाटकावर कस्टमचा पहारा, प्रत्येकाला पास, जाता-येता तपासणी. कायद्याच्या हिशेबाने कुंपणाच्या आत जवळजवळ परदेशच.

सुरुवातीला इथे रेडिओचे, संगणकाचे सुटे भाग जोडले जात. १९७७ मध्ये टाटा आणि अमेरिकेच्या बरोज कंपनीने मिळून काढलेली टाटा बरोज इथूनच सॉफ्टवेअर परदेशी पाठवू लागली. सॉफ्टवेअर हा शब्द आपल्याकडे कोणी ऐकलाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हिरेजडित दागिन्यांचे कारखाने आले आणि पुढे तेच मोठे झाले. २००० साली सीप्झचे रूपांतर विशेष आर्थिक क्षेत्रात झाले.

पाळी सुटण्याच्या वेळी फाटकासमोर उभे राहिले की दिसते ते बायकांचे लोंढे. इलेक्ट्रॉनिक्स आणि दागिने या दोन्ही कामांना बारीक नजर आणि स्थिर हात लागतो, म्हणून पहिल्यापासून इथे मुली मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, जोगेश्वरीच्या वस्त्यांतून या मुली आल्या. घराबाहेर पडून, गणवेश घालून, स्वतःचा पगार हातात घेणारी आपल्यातली एक पिढी या कामाने उभी केली. हे मोठे काम आहे आणि ते मान्य केले पाहिजे. आमची ताई म्हणाली, पहिला पगार आईच्या हातात दिला त्या दिवशी घरात तिला पहिल्यांदा कोणी काही विचारून केले. तोपर्यंत सगळे सांगूनच होत होते.

ताईचा हिशेब

ही ताई अंधेरीकडच्याच एका कारखान्यात होती. भिंगाखाली बसून बारीक तारा जोडायच्या, सोल्डरिंग करायचे. दिवसाला शेकडो जोडण्या. चुकीची जोडणी नुसत्या नजरेने ओळखायची. सुपरवायझर नवीन आलेल्या डिप्लोमावाल्या मुलांना तिच्याकडेच शिकायला बसवी. ती मुले दोन वर्षांत पुढे गेली, ती त्याच खुर्चीवर राहिली. पुढे कारखान्याने जागा बदलली. डोळ्यांना चष्मा लागला होता, वय चाळिशीच्या पुढे. दुसरीकडे काम मागायला गेली तर पहिला प्रश्न, सर्टिफिकेट काय आहे? वीस वर्षे जे काम तिने दुसऱ्यांना शिकवले, ते तिला येते असे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नव्हता. शेवटची चार वर्षे ती ठेकेदाराच्या नावावर होती. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात होता. तो भरला गेला नव्हता, हे नंतर कळले.

आता तिच्याच मुलीसमोर प्रश्न आहे. बारावी झाली. ओळखीच्या ठेकेदाराने पॅकिंगचे काम देऊ केले आहे, उद्यापासून ये म्हणतो. दुसरी वाट आयटीआयची. त्यात दोन वर्षे जाणार आणि तोवर घरात एकाच्याच कमाईवर भागवायचे. ज्यांच्या घरी महिना पंचवीस तारखेलाच संपतो त्यांना हा प्रश्न किती अवघड आहे हे आपणा वाचकांना सांगायला नको. आम्ही मुलांना सीप्झ दाखवायला नेले ते याच प्रश्नासाठी.

त्याच वर्षी दुसऱ्या एका देशात

इथे जगातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. तैवान हा महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान देश. त्यांनीही १९६६ साली काओशुंग बंदरात असेच निर्यात क्षेत्र काढले होते. तिथेही गरिबाघरच्या मुली भिंगाखाली तारा जोडत. पण ज्या १९७३ साली आपल्याकडे सीप्झ झाले, त्याच साली तैवान सरकारने औद्योगिक संशोधनाची एक मोठी संस्था काढली. १९७६ मध्ये तरुण इंजिनिअरांना अमेरिकेत एका कंपनीकडे चिप बनवण्याची विद्या शिकायला पाठवले. १९८० साली शिंचू गावी विज्ञान उद्यान उभारले, तेही विद्यापीठे आणि ती संशोधन संस्था यांच्या शेजारी. १९८७ मध्ये याच प्रयत्नातून टीएसएमसी ही कंपनी निघाली. आज जगातल्या बहुतेक प्रगत चिप तिथे बनतात.

जागा दोन्ही सरकारांनी दिली, सवलती दोन्हींनी दिल्या. तैवानने त्याच्या जोडीला शिक्षण दिले. दुसऱ्याचा माल जोडून देता देता तो माल स्वतः घडवण्याची विद्या त्यांनी आपल्या माणसांच्या हाती येऊ दिली. आपल्याकडे सॉफ्टवेअरमध्ये हे काही प्रमाणात घडले, पण ज्यांना आधीच इंग्रजी शाळा आणि कॉलेज मिळाले होते त्यांच्यासाठी. भिंगाखाली बसलेल्या मुलीपर्यंत ते पोचले नाही.

कुर्ल्याच्या दुसऱ्या दाराशी

सीप्झ कुर्ल्यापासून काही मैलांवर. पण असेच एक सरकारी बळावर उभे राहिलेले क्षेत्र अगदी कुर्ल्याच्या उंबऱ्यावर आहे, वांद्रे-कुर्ला संकुल. परतताना आम्ही तिकडून आलो. मिठीच्या काठची ही दलदलीची जमीन. दक्षिण मुंबईतली कचेऱ्यांची गर्दी हलवण्यासाठी १९७७ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला तिच्या नियोजनाचे अधिकार मिळाले. सुमारे ३७० हेक्टरचे क्षेत्र. भराव घालून रस्ते झाले, बँका आल्या, शेअर बाजार आला, २०१० साली हिरे बाजाराची इमारत सुरू झाली. काचेच्या इमारतींत बसून जगभरचा पैसा इकडून तिकडे जातो.

नदीचे म्हणून जे वर सांगितले ते इथे आठवावे. खाडीकाठची दलदल ही पाण्याची हक्काची जागा असते. ती भरली, नदीचा मार्ग अरुंद झाला, आणि २००५ मध्ये पाणी काठच्या झोपड्यांत शिरले. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने पुराची कारणे तपासली आणि मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. तंत्रज्ञानाच्या आणि व्यापाराच्या वसाहती कोणाच्या अंगणात पाणी ढकलून उभ्या राहतात, हाही हिशेबाचा भाग आहे.

संकुलाच्या नावातच कुर्ला आहे. रोज सकाळी कुर्ला स्टेशनबाहेर शेअर रिक्षांच्या रांगेत हजारो माणसे उभी असतात. त्यात आपली मुले-मुलीही आहेत. पहारेकरी, सफाई, कँटीन, लिफ्ट, कुरिअर. कोणतेही काम हलके नसते आणि प्रामाणिक कमाईची लाज नसते. पण हे सारे ठेकेदाराकडचे काम. ज्या बँकेची फरशी पुसतो त्या बँकेचा तो नोकर नसतो. वीस वर्षे पुसली तरी तिच्या कारकुनाच्या टेबलापर्यंत जाणारी शिडी त्या इमारतीत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोने सीप्झ आणि वांद्रे-कुर्ला संकुल थेट जोडले गेले. मधे विमानतळाची स्टेशने आहेत, सांताक्रूझ आहे. कुर्ला नाही. दोन टोकांना कामाला जाणारी कुर्ल्याची माणसे अजून वरच्या रस्त्यानेच जातात.

बाबासाहेबांनी मांडलेला विचार

हे वाचून कोणाला वाटेल की आम्ही यंत्रांच्या विरुद्ध आहोत. तसे मुळीच नाही. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना बाबासाहेबांनी मांडले होते की शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर देशाने उद्योगांकडे वळले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. त्या काळात ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढे त्यांनी हाच धागा पुढे नेला : स्वस्त आणि भरपूर वीज नाही तर उद्योग नाहीत, आणि उद्योग नाहीत तर गरिबीतून सुटका नाही. यंत्राने माणसाचे कष्ट कमी होतात, विचार करायला फुरसत मिळते, म्हणून ते त्यांना हवे होते. यंत्राने अन्याय होतो तो समाजाच्या रचनेमुळे, यंत्राच्या दोषाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

पण वीज आणि यंत्रे यांवर ते थांबले नाहीत. त्यांच्याच कारकिर्दीत सेवायोजन कार्यालये आली, तांत्रिक प्रशिक्षणाच्या योजना आल्या. कारखाना कायद्यातील दुरुस्तीने १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. वीज, प्रशिक्षण आणि कामगाराचे संरक्षण ही तीन पाने त्यांनी एकत्र ठेवली होती. सीप्झ आणि संकुल उभारताना सरकारने पहिले पान वाचले, दुसरे चाळले आणि तिसरे ठेकेदाराच्या हाती दिले.

आपण काय करायचे

नुसती तक्रार करून परत यायचे नाही असे आम्ही ठरवले होते. म्हणून काही गोष्टी वाचकांसाठी मांडतो.

पहिली गोष्ट प्रशिक्षणाची. चुनाभट्टीला, म्हणजे कुर्ल्याच्या अगदी शेजारी, केंद्र सरकारची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. पूर्वी तिला प्रगत प्रशिक्षण संस्था म्हणत. आयटीआयच्या शिक्षकांना तयार करणारी ही संस्था. आपल्यातले किती जण तिच्या फाटकावरून रोज जातात आणि किती जण आत जाऊन माहितीपत्रक घेतात? सीप्झमध्ये १२ जानेवारी २०२४ रोजी दागिने उद्योगासाठी भारत रत्नम हे सामाईक केंद्र सुरू झाले. धातूची त्रिमितीय छपाई करणाऱ्या यंत्रांबरोबर तिथे प्रशिक्षणाची शाळाही, अपंग विद्यार्थ्यांसह, योजलेली आहे. त्यात वस्त्यांतील मुलामुलींना प्रवेश कसा मिळतो, हे आपल्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी लेखी पत्र पाठवून विचारावे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. त्याखाली शिकताना विद्यावेतन मिळते. ज्या घराला दोन वर्षे थांबणे परवडत नाही त्याने ही वाट आधी पाहावी.

दुसरी गोष्ट कागदाची. ताईसारखे ज्यांच्या हातात काम आहे पण सर्टिफिकेट नाही, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. तिची चौकशी करावी.

तिसरी गोष्ट ठेकेदाराला विचारायच्या प्रश्नांची. कामावर लागतानाच नेमणुकीचे पत्र मागावे. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक मागावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी खात्यात पैसे जमा झाले का ते मोबाईलवर तपासावे. कामगार विमा कार्ड लागू असेल तर ते हातात घ्यावे. ठेकेदाराने निधी भरला नाही तर मुख्य मालकावर जबाबदारी येते, हेही लक्षात ठेवावे. हे प्रश्न एकट्याने विचारले तर उद्यापासून येऊ नको म्हणतात. दहा जणांनी मिळून विचारले की उत्तर द्यावे लागते. कमानीच्या कामगारांनी एकेकट्याने कारखाना मिळवला नव्हता.

चौथी गोष्ट सरकारकडे मागण्याची. जमीन सार्वजनिक, सवलत सार्वजनिक पैशाची. मग जो उद्योग ती घेतो त्याने दरवर्षी किती शिकाऊ उमेदवार घेतले, किती ठेक्यावरचे कामगार कायम केले, याचा हिशेब फाटकावर लावावा, ही मागणी अवास्तव नाही. निर्यात किती कोटींची झाली हे मोठ्या अक्षरात छापतात. त्याखाली ही दोन ओळींची जागा सहज निघेल.

ताईच्या मुलीने इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला आहे. दोन वर्षे घर कसे चालवायचे याचा विचार ताई आणि तिचा मोठा मुलगा करीत आहेत, आणि वस्तीच्या मंडळाने पुस्तकांचा व प्रवासाचा खर्च उचलायचे ठरवले आहे. दुसऱ्या दोन मुलांनी चुनाभट्टीहून माहितीपत्रके आणली आहेत. ज्या वाचकांच्या घरी यंदा दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांनीही प्रवेशाच्या तारखा निघून जाण्याआधी एकदा हा रस्ता मुलांना बरोबर घेऊन पाहून यावा. भाडे फार लागत नाही.